रिकामी नळी काय म्हणते?

डॉ. शालिनी टिपणीस यांची आणि माझी पहिली भेट परळच्या आमच्या प्रयोगशाळेत झाली, नोकरीच्या मुलाखतीत. बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा मला आधी आठवला तो त्या दिवशी तळहातांना सुटलेला घाम. मी जात्याच भित्री. लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मिरच्या कुटायच्या डंकावर लागले. बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, एवढीच आमच्या घरी तिची ओळख. बाहेरच्या बाकावर माझ्यासोबत आणखी तीन उमेदवार होते आणि तिघेही माझ्याहून हुशार दिसत होते.

बाईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता. झाकण लावलेली काचेची बशी हातात दिली आणि म्हणाल्या, "नीट बघ आणि सांग, हिच्यात काय उगवलंय?" मी बशी उजेडाला धरली, तिरकी केली, उलटी केली. मला काही म्हणता काही दिसेना. डोळे भरून आले. शेवटी कशीबशी म्हणाले, "काहीच नाही." संपला विषय, असं समजून मी पिशवी उचलली. तर बाई शेजारच्या लेखनिकाला म्हणाल्या, "हिचं नाव लिहा. बशी रिकामीच होती. बाकी तिघांनी तीन निरनिराळ्या बुरशा पाहिल्या."

तो माझा धीटपणा नव्हता, हे मी वीस वर्षं बाईंना सांगत आले आहे. मला खरोखरच काही दिसलं नव्हतं. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असतं: "अगं, नसलेलं न दिसणं हाच या धंद्यातला पहिला गुण."

बाईंना न ओळखणाऱ्या वाचकांसाठी त्यांच्या कामाविषयी थोडं सांगायला हवं. बुरशीची ओळख पटवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रुग्णाच्या डोळ्यातून, थुंकीतून, ओल्या भिंतीवरून, सुक्या मासळीवरून आलेल्या बुरशा आमच्याकडे येतात आणि ही कोण, हे आम्हांला सांगावं लागतं. पूर्वी बाई हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगत. रंग, धाग्यांची ठेवण, बीजाणूंचा आकार. पण दोन बुरशा दिसायला हुबेहूब सारख्या असू शकतात आणि त्यांतली एक शिळ्या पावावरची निरुपद्रवी, तर दुसरी माणसाचा डोळा घालवणारी निघू शकते. "तोंडावळा जुळला म्हणून एका घरची म्हणू नये," असं बाई म्हणत. जिची खात्री पटत नसे तिची नळी तारीख लिहून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवत. त्या कप्प्यावर चिठ्ठी होती, 'अनोळखी'. मला त्या कप्प्याची विलक्षण भीती वाटे. त्यातल्या काही नळ्या अशा रुग्णांच्या होत्या, जे त्या बुरशीचं नाव कळण्याआधीच गेले होते. खाली वाकून काही काढायचं झालं तर मी श्वास रोखून धरत असे. बाई मात्र त्या नळ्यांशी नावानिशी बोलावं तसं बोलत.

पुढे जीनोम वाचणारं मशीन आलं. बुरशीतला डीएनए काढायचा, मशीन त्याची अक्षरं ओळीने वाचतं, मग ती अक्षरं जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायची. कुठेच जुळली नाहीत तर ही नवी जात असावी, असा संशय धरायचा आणि मग तो सिद्ध करायला झटायचं. बाईंनी तेव्हा साठी ओलांडली होती. एखाद्याने मानाने निवृत्ती घेतली असती. बाई आमच्यातल्या सर्वांत लहान विद्यार्थिनीशेजारी वही घेऊन बसल्या आणि संगणकाला द्यायच्या आज्ञा एकेक करून लिहून घेतल्या. चुकलं की त्या पोरीला म्हणत, "ओरड माझ्यावर, त्याशिवाय लक्षात राहायचं नाही." तिची काय हिंमत! वर्षभराने 'अनोळखी' कप्पा उघडला आणि त्यातल्या काही बुरशा जगाला खरोखरच अनोळखी निघाल्या.

त्यांतली एक मुंबईतल्या एका कोळीवाड्यातल्या सुक्या बोंबलांवर मिळाली होती. नवी जात छापून येण्याआधी, जिच्या टोपलीतून ती आली त्या कोळणीला सांगायला हवं, असा बाईंचा हट्ट. मी सोबत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्या मावशी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "माझ्या बोंबलाला बुरशी आली, ते तुमी छापनार? मंग माझा बोंबील कोन घेनार गो बाय?" बाईंनी हात जोडले. नाव कुठेच येणार नाही, असा शब्द दिला. छापलेल्या लेखात कोळीवाड्याचंही नाव नाही, फक्त 'मुंबईचा किनारा' असं आहे. परदेशातल्या परीक्षकांनी नेमकं ठिकाण पुन्हा पुन्हा विचारलं, पण बाई बधल्या नाहीत. आणि त्या मावशींकडून बोंबील घेणं मात्र त्यांनी कधी सोडलं नाही.

आता त्या रिवाजाविषयी, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. दर खेपेला नमुन्यांच्या नळ्यांसोबत आम्ही एक जादा नळी लावतो. तिच्यात नमुना नसतो, नुसतं आमचं शुद्ध पाणी, तेच जे बाकीच्या नळ्यांतही मिसळतो. बाकीच्या नळ्यांचं जे जे करायचं ते सगळं तिचंही करायचं. शेवटी तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलंच, तर ते रुग्णाचं नव्हे, आमच्याच हातचं किंवा बाटलीतलं. मग त्या खेपेचे सगळे निकाल रद्द. नवी मुलं कुरकुरत, एक जागा फुकट जाते म्हणत. पण सकाळी बाई आल्या की पर्स ठेवायच्या आधी त्यांचा प्रश्न येई, "रिकामी नळी काय म्हणते?" निकाल नंतर. कितीही मोठा शोध असो, आधी रिकामी. वीस वर्षांत मी "काहीच नाही, बाई" हे उत्तर किती वेळा दिलं असेल, त्याची गणती नाही.

बाईंच्या मायेविषयी सांगायचं तर एकच प्रसंग सांगते, कारण तोच पुढे माझ्या मानगुटीवर बसला. नोकरी लागली आणि आईला अन्न गोड लागेना. ही बुरशी हाताळते, अंगावरून घरी आणील, छातीत जाईल, हा तिचा घोर. मी ते बाईंना हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. पुढच्याच रविवारी गिरगावातून बसने लालबागला आल्या, आमच्या चाळीचे तीन जिने चढल्या आणि आईने पुढे केलेले घावने आणि चटणी पोटभर खाल्ली. आईने स्पष्टच विचारलं, "बाईनू, माझ्या पोरीक काय झाला तर मी कोणाकडे बघू?"

बाईंनी आईचा हात हातात घेतला. "तिला काही होणार असेल तर आधी मला होईल. मी तिच्याआधीपासून तिथे आहे. मी धडधाकट आहे तोवर तुम्ही निर्धास्त राहा."

आई निर्धास्त झाली. मी मात्र त्या दिवसापासून बाई खोकल्या की कान टवकारू लागले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई खोकतच आल्या. रोज संध्याकाळी बारीक ताप. वजन उतरलं, साडीच्या निऱ्या बसेनात. दोन आठवडे त्यांनी आम्हांला 'धूळ आहे, धूळ' म्हणून गप्प बसवलं आणि मग एक दिवस गिरगावातल्या घराच्या जिन्यातच बसकण मारली. रुग्णालयात नेलं, छातीचा स्कॅन झाला, उजव्या फुप्फुसात मोठी सावली दिसली. दुर्बीण घालून फुप्फुस धुतलेलं पाणी काढलं आणि त्यातलं थोडं तपासायला आमच्याकडे पाठवलं. बाटलीवर नाव होतं, शालिनी टिपणीस, वय चौऱ्याहत्तर.

जे घडलं ते जसंच्या तसं सांगते, कारण बाईंनीच बजावलं आहे की गौरवग्रंथ असला तरी थापा नकोत. मी बाईंची नळी रॅकमध्ये ठेवली. शेजारी रिकामी नळी ठेवायला दुसरी उचलली आणि माझा हात थांबला. बाईंच्या नावाशेजारी रिकामी नळी! रिकामा पाळणा हलवू नये म्हणून आई लहानपणी माझ्या हातावर चापट मारायची, ती चापट मला बसली असं वाटलं. माझ्यासारखी शिकलेली बाई, वीस वर्षं इतरांना हाच नियम शिकवणारी. तरी मला त्या नळीत अशुभ दिसलं. मी ती परत डब्यात टाकली आणि एकट्या बाईंच्या नळीवर पुढचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी मशीनने निकाल दिला. बुरशी होती. नोंदींशी ताडली, कुठेच जुळेना. नवी जात. आणि तिचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे फुप्फुस पोखरणारं, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारं घराणं. ते नाव पडद्यावर वाचताना माझ्या कानात बाईंचंच वाक्य घुमत होतं: आधी मला होईल. झालं होतं. वीस वर्षं आमच्यापुढे उभं राहून त्यांनी ते आपल्या छातीवर घेतलं होतं. मी छातीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आज संध्याकाळीच इंजेक्शन सुरू करावं लागेल. ते औषध मूत्रपिंडांवर फार जड जातं आणि बाईंची मूत्रपिंडं जुन्या मधुमेहाने आधीच अर्धमेली. "दुसरा इलाज नाही," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुस वाचवायचं तर हा धोका पत्करावा लागेल."

मी चालत रुग्णालयात गेले. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी. इतक्या लहान दिसत होत्या की मला दारातच रडू फुटलं. मी निकाल सांगितला. आणि काय सांगू, बाईंचे डोळे लकाकले.

"नवी जात? माझ्यात?"

"हो, बाई."

"बघ, तुम्हांला कुठे म्हणून शोधायला लावते मी!" त्या हसल्या, हसता हसता खोकल्या, पुष्कळ वेळ खोकत राहिल्या. मी पाठीवरून हात फिरवत होते. खोकला थांबला तशी त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "रिकामी नळी काय म्हणते?"

मी त्यांची उशी सारखी करू लागले.

"स्मिता?"

"लावली नाही, बाई."

"का?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पाणी संपलं होतं, जागा नव्हती, काहीही. पण मी खरं तेच सांगितलं. तुमच्या नावाशेजारी रिकामी ठेववेना, म्हणाले. बाईंना मी रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्या घाबरलेल्या दिसल्या, आणि त्यांना घाबरलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

"अगं, मलाही मरणाची भीती वाटते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मला घाबरायचंच असेल तर खऱ्या गोष्टीला घाबरू दे. जा, आणि रिकामी लावून पुन्हा कर."

डॉक्टर आले, तेही घाबरलेच. "मॅडम, ती बुरशी खरी असली तर एक दिवससुद्धा फार महाग पडेल."

"असली तर ना? आणि नसली तर उगाच जातील त्या माझ्या किडन्या. उद्या दुपारपर्यंत थांबा. कागद आणा, मी सही करते."

चष्मा लावून त्यांनी कागद पुरता वाचला आणि सही केली. तो कागद मी अजून विसरलेले नाही. माझ्या एका नळीच्या चुकीपायी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरची एक बाई स्वतःच्या जिवाचा एक दिवस पणाला लावत होती. बुरशी खरी निघाली तर तो दिवस मी दवडला. खोटी निघाली तर त्यांच्या मूत्रपिंडांवर मीच विष सोडायला निघाले होते. दोन्हीकडून गुन्हेगार मीच.

बाईंच्या नमुन्यातलं जेमतेम चमचाभर पाणी उरलं होतं. तिसऱ्यांदा करायला काही उरणार नव्हतं. मी तीन नळ्या लावल्या. बाईंचा नमुना, शुद्ध पाण्याच्या नव्या सीलबंद बाटलीतलं पाणी घालून. एक रिकामी, त्याच नव्या बाटलीची. आणि एक रिकामी, मी आदल्या खेपेला वापरलेल्या जुन्या बाटलीची. प्रत्येक पायरीला मी मोठ्याने बोलत होते, हातून काही सुटू नये म्हणून. संध्याकाळी मशीन सुरू करून घरी गेले तर आईने तोंड बघूनच ओळखलं. "बाईंक बरा नाय?" तिने देवापुढे दिवा लावला. मी अडवलं नाही.

सकाळी निकाल उघडायला बसले. आधी रिकामी, मी स्वतःला बजावलं. नवी रिकामी: काहीच नाही. जुनी रिकामी: तीच बुरशी, अक्षरन् अक्षर तीच. मग बाईंची नळी. त्यात बुरशी नव्हती. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या मुलीला पाहायला लावलं आणि मग खाली फरशीवर बसून राहिले. जुनी बाटली मीच सुट्टीआधी उघडली होती, झाकण नीट बसवलं नव्हतं; मधल्या खेपा दुसऱ्या बाटलीवर झाल्या आणि सुट्टीनंतर तिच्यातलं पाणी पहिल्यांदा वापरलं ते बाईंच्याच खेपेला. ती बुरशी बाईंच्या छातीत नव्हती, माझ्या पाण्यात होती.

रुग्णालयात पोचून मी सांगितलं तेव्हा बाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. पण बाटली टाकलीस नाही ना?"

इंजेक्शन रद्द झालं. चार दिवसांनी दुसऱ्या तपासणीत कळलं की बाईंना टीबी आहे, गिरणगावातल्या दर चाळीने पाहिलेला टीबी. त्याच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी मूत्रपिंडांचा विचार करून त्या बेतशीर बसवून दिल्या आणि महिनाभराने बाईंचा ताप उतरला.

बाटली अर्थातच टाकली नव्हती. त्यातली बुरशी वाढवली, पूर्ण जीनोम वाचला, पुन्हा पुन्हा तपासला, दर वेळी रिकाम्या नळीसह. ती खरोखरच नवी जात आहे. नातलग दुष्ट, ही मात्र गरीब, माणसाच्या अंगाच्या उबेत वाढतसुद्धा नाही. पंचाहत्तरीची भेट म्हणून तिला बाईंचं नाव द्यावं, असं आम्हां सर्वांच्या मनात आलं. बाई म्हणाल्या, "माझ्या नावाची बुरशी, आणि तीही शिळ्या पाण्यातली? स्मिताचं द्या, तिनेच पाळलीय." सगळे हसले, मीसुद्धा हसले. अखेर परळवरून नाव ठरलं. लेख सध्या परीक्षकांकडे आहे. बुरशी कुठे मिळाली, या रकान्यात मी 'प्रयोगशाळेतून' असं मोघम लिहिलं होतं. कोळीवाड्याचं नाव गाळणाऱ्या बाईंनी इथे मात्र ते खोडून 'सुट्टीत झाकण सैल राहिलेल्या पाण्याच्या बाटलीतून' असं लिहवून घेतलं. मी तोंड वेडंवाकडं केलं तर म्हणाल्या, "त्या मावशींचं पोट त्यावर होतं. आपलं पोट खरं सांगण्यावर आहे."

या ग्रंथात बाईंच्या विद्वत्तेविषयी माझ्याहून जाणते लोक लिहितील. मी प्रयोगशाळेत नळ्या लावणारी, मला एवढंच ठाऊक आहे की ज्या सवयीची आम्ही मागून थट्टा करायचो, तिने बाईंना वाचवलं. आणि ती सवय मोडली मीच, भीतीपोटी, मायेपोटी. भिऊन माणूस ज्याच्यावर जीव टाकतो त्यालाच गोत्यात आणतो, हे मी उशिरा शिकले. भीती गेली मात्र नाही. बाईंच्या गोळ्या अजून संपायच्या आहेत. पंचाहत्तरीच्या सत्कारानंतर दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा स्कॅन आहे. सावली बरीच विरली आहे, पुरती नाही. हे लिहितानासुद्धा फोन वाजला तर मी आधी नंबर बघते, बाईंच्या घरचा तर नाही ना.

लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. आईच्या मते अशी गोष्ट मोठ्याने बोलू नये, दृष्ट लागते. पण रिकाम्या नळीला भिऊन मी काय करून बसले होते, ते वर लिहिलंच आहे. म्हणून या वेळी न भिता, सगळ्यांदेखत मागते: बाईंना उदंड आयुष्य मिळो, धडधाकट छातीचं आणि शाबूत मूत्रपिंडांचं.

गेल्या महिन्यात बाई आजारपणानंतर पहिल्यांदा प्रयोगशाळेत आल्या. भिंतीला हात लावत, दर चार पावलांना थांबत. मी पुढे झाले तर हाताने दूर सारलं. खुर्चीत बसल्या, दम खाल्ला, पर्स अजून खांद्यालाच होती.

"रिकामी नळी काय म्हणते?"

"काहीच नाही, बाई."

"मग ठीक," म्हणाल्या आणि त्यांनी पर्स खाली ठेवली. मला हे उत्तर त्यांना अजून पुष्कळ वर्षं रोज सकाळी द्यायचं आहे.